जामिनाची सही

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेला लागली, की ती आमच्या पिंपळी-लिमटेकच्या शिवारातून पुढे काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाकडे जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांस हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांच्या मनात त्या घटकेला ही गोष्ट येत असेल की, ज्यांच्या पादुकांपुढे आपण मस्तक नमवीत आहो ते महाजनकी आणि सावकारी चालत आलेल्या घराण्यातले होते. दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, दिवाळे वाजले, आणि पुढे चित्त विठ्ठलचरणी जडल्यावर लोकांकडून येणे असलेल्या रकमांची निम्मी खते धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हाती देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ही कथा कीर्तनकार रंगवून सांगतात, आणि ती तशी सांगण्याजोगी आहेच. परंतु महिपतीने लिहिलेल्या चरित्रात याच संसारातला आणखी एक प्रसंग येतो, तिकडे आपले लक्ष कमी जाते. तुकोबांना बाजारात कोणी उभे करीना, तेव्हा त्यांच्या पत्नीने, जिजाईने, आपल्या नावाने रोखा लिहून देऊन दोनशे रुपये उभे करून दिले. त्या भांडवलावर त्यांनी व्यापार केला, नफाही झाला, आणि परतीच्या वाटेवर कर्जापायी गांजलेल्या एका माणसाची विपत्ती पाहून मुद्दल व नफा दोन्ही त्याच्या पदरात टाकून ते रिकाम्या हातांनी घरी आले. रोखा मात्र जिजाईच्या नावाचा होता. लोकांनी तिला कजाग ठरविले. मला मात्र ती कथा ऐकताना दर वेळी हाच प्रश्न पडतो की, त्या दोनशे रुपयांची फेड त्या बाईने कशी केली असेल!

दुसऱ्याच्या ऋणाखाली आपले नाव लिहून देणाऱ्या माणसाविषयी आपल्या वाङ्मयात आणि आपल्या बोलण्यात सहानुभूती थोडी आहे. ऋणकोची करुण चित्रे आहेत, धनकोची क्रूर चित्रे आहेत, आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला जो तिसरा, ज्याला त्या पैशातली कवडी मिळायची नसते आणि ज्याच्या भरवशावाचून तो व्यवहार घडलाच नसता, त्याच्या वाट्याला बहुधा एकच उपदेश येतो: कुणाला जामीन राहू नये. हा उपदेश मी माझ्या वडिलांकडून ऐकला, शाळेतल्या सहकाऱ्यांकडून ऐकला, आणि सेवानिवृत्तीनंतर तर तो अधिकच आग्रहाने ऐकला. तरीही माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मोटारीच्या कर्जासाठी माझी सही मागितली, तेव्हा पुष्कळ विचारांती मी ती दिली. आणि ती का दिली, हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण या तिसऱ्या माणसाच्या बाजूने कुणीतरी बोलले पाहिजे.

ही मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळच्या वेळी ती एका रोपवाटिकेत हिशेब आणि रोपांची नोंद सांभाळते व त्याचे मानधन तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. घरची जमीन कालव्याखालची, म्हणजे चांगली. पण ती आजोबांच्या नावे, अविभक्त, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. वडिलांची पत तेथेच संपते. आईची दोन गाईंच्या दुधाची कमाई डेअरीच्या पुस्तकात दिसते, बँकेच्या पुस्तकात दिसत नाही. घरात एक वापरलेली लहान चारचाकी घ्यावी, असे बरेच दिवस चालले होते: आजोबांना वरचेवर बारामतीला दवाखान्यात न्यावे लागते, माती-पाण्याचे नमुने आणि रोपांचे ट्रे घेऊन मुलीला हिंडावे लागते, आणि एसटीच्या वेळा या दोहोंपैकी कशालाच जुळत नाहीत. गाडीची किंमत साडेतीन लाख ठरली. उसाचे बिल आले होते. थोडी ओढाताण केली असती तर सगळे पैसे रोख भरता आले असते. मुलगी म्हणाली, दीड लाख रोख भरू आणि दोन लाखांचे कर्ज काढू, पण ते माझ्या नावाने.

यावर आजोबा जे बोलले ते मला अजून आठवते. ते म्हणाले, “पैसं घरात असताना कर्ज काढायचं, ह्यो कुठला शहाणपणा? नडीला काढत्यात कर्ज. हौसंला न्हाय काढत.” या वाक्यात अडाणीपणा मुळीच नाही. त्यांच्या बोलण्यामागे या तालुक्याची दीडशे वर्षांची स्मृती आहे, आणि ती स्मृती समजून घेतल्याखेरीज मुलीच्या हट्टाचा अर्थही लागत नाही.

बारामतीच्या वायव्येस सुपे हे बाजाराचे गाव. आपला तालुका तेव्हा भीमथडी म्हणून ओळखला जाई. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या गावांहून जमलेल्या कुणब्यांनी तेथल्या सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, खते आणि दस्तऐवज मागून घेतले, आणि त्यांची होळी केली. पुढे हे लोण पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतल्या अनेक गावी पसरले. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. यादवी संपली, भाव कोसळला, आणि शेतसारा मात्र नव्या आकारणीने वाढलेला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनंतर साध्या खतावर दावा चालेना. कायदा केला होता ऋणकोच्या संरक्षणासाठी. घडले असे की, तीन वर्षे भरत आली म्हणजे सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई, आणि ज्याला अक्षरओळख नाही असा कुणबी त्या खताखाली आपली निशाणी करी. काय लिहिले आहे हे ठाऊक नसलेल्या कागदाखाली केलेली निशाणी, हेच त्या सगळ्या अनर्थाचे मूळ होते, असे मला वाटते. दंगलीची चौकशी झाली, आयोगाचा अहवाल निघाला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या ऋणविमोचनाचा कायदा होऊन न्यायालयांना खताच्या पाठीमागे जाऊन मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणेही बंद झाले. हे सगळे आजोबांनी वाचलेले नाही. पण त्यांच्या आजाच्या पिढीने भोगलेले त्यांच्या शब्दांत उतरले आहे, आणि म्हणून त्यांचा विरोध मी हसून बाजूला सारू शकलो नाही.

मुलीचे म्हणणे वेगळ्या काळातले होते. तिला पुढे ऊसरोपांची आणि भाजीपाल्याच्या रोपांची स्वतःची रोपवाटिका काढायची आहे. शेडनेट, पाण्याची टाकी, ट्रे, कोकोपीट, मजुरी, हे सगळे कर्जाशिवाय उभे राहणार नाही. त्या वेळी बँकेचा अधिकारी तिला दोनच गोष्टी विचारील: तारण काय, आणि पूर्वीचा व्यवहार काय. तारण तिच्यापाशी नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला खरा. पण सातबाऱ्यावर मुलींची नावे किती लागतात आणि लागलेली किती हक्कसोडपत्राने पुन्हा उतरतात, हे तलाठ्याच्या चावडीत चार दिवस बसणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. राहता राहिला पूर्वीचा व्यवहार. तोही कोरा. जिने आयुष्यात कुणाचे एक रुपयाचे देणे बुडविले नाही, तिच्याविषयी पतमापन करणाऱ्या कंपनीच्या दप्तरात काहीच लिहिलेले नाही, आणि तेथे काही लिहिलेले नसणे हेच तिच्या वाटेतले विघ्न होऊन बसले आहे.

पतमापनाची ही व्यवस्था आपल्याकडे तशी नवीनच. सिबिल ही संस्था २००० साली निघाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला, आणि आज अशा चार कंपन्या देशात काम करतात. ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा त्या माणसाच्या नावापुढे मांडतात; हप्ते वेळेवर गेले की तो हळूहळू चढतो, चुकले की झपाट्याने उतरतो, आणि किती दिवस उशीर झाला याची नोंद महिन्यामहिन्याने तेथे राहते. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्या नावापुढे आकडा नसतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही एवढ्याच कारणाने फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे, ही समाधानाची गोष्ट. तथापि अर्ज न फेटाळणे आणि कर्ज मंजूर करणे यांच्यात जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी बँक अजूनही तेच मागते जे सुप्याचा सावकार मागत असे: एखादे ओळखीचे नाव. आणि येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळ आईबापांच्या ध्यानात येत नाही. वडिलांनी स्वतःच्या नावाने कर्ज काढून गाडी मुलीला दिली, तर प्रत्येक हप्त्याचा लौकिक वडिलांच्या खाती जमा होतो. मुलीच्या नावापुढचा रकाना कोरा तो कोराच राहतो. कर्जदारांत तिचे नाव असले, तरच ते कर्ज तिच्या उपयोगी पडते. यासाठी मुलगी कर्जदार, आई सहकर्जदार, आणि मी जामीनदार, अशी मांडणी झाली.

एका माणसाच्या भरवशावर दुसऱ्याने उभे राहावे, ही कल्पना या मुलुखाला अपरिचित नाही. मराठेशाहीच्या दप्तरांत जामीनकतबे ठिकठिकाणी आढळतात. माणूस वेळेवर हजर करीन अशी हमी देणारा तो हाजीरजामीन, पैसा न आल्यास मी भरीन म्हणणारा तो मालजामीन, आणि एकाने दुसऱ्याचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा भार घ्यावा तो साखळीजामीन. खुद्द बारामती ही पेशव्यांच्या सावकारांची बारामती. येथील नाईक जोशी घराण्याचे कर्ज थोरल्या बाजीरावांच्या डोक्यावर होते, बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घरात दिलेली होती. आणि तरीही १७४० साली बाजीराव निवर्तल्यावर याच घराण्यातल्या बाबूजी नाईकांनी पेशवेपदासाठी स्वतः खटपट केली. सोयरीक आणि देणेघेणे एकत्र आले म्हणजे कोणते कोणाला खाईल याचा नेम नसतो. ज्या बाबूजींनी कवी मोरोपंतांना आश्रय दिला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण नात्यातला व्यवहारसुद्धा कागदावर स्वच्छ असावा, हे मला त्यांच्या इतिहासावरून फार तीव्रतेने जाणवते.

त्याहून अधिक जवळची गोष्ट सहकाराची. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला, १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या माळावर आले, आणि जिरायत जमिनीचा भाव व तिच्या मालकाची पत दोन्ही पालटली. ऊस आला, पण उसाला बारा-चौदा महिने पैसा अडकवून ठेवावा लागतो; सावकार पुन्हा दारात उभा राहिला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्याखालच्या खेड्यांतल्या पतपेढ्या अमर्याद जबाबदारीच्या तत्त्वावर स्थापन झाल्या. याचा अर्थ आजच्या वाचकाला सांगितला तर त्याला धडकी भरेल: पतपेढीचे देणे थकले तर प्रत्येक सभासद आपल्या सर्वस्वानिशी त्याला बांधलेला. सगळे गाव सगळ्या गावाला जामीन! सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नाने १९११ साली मुंबईत जी मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तिने नीरेच्या पट्ट्यात कर्जे दिली, बारामतीस शाखा घातली. आणि इतके होऊनही, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, जिच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते, असे दिसून आले की, देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्के. सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज सावकाराचेच. पुढच्या पिढीत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहून हा पट्टा आज जो दिसतो तो झाला. गोडवा उसाचा खरा, पण त्याच्या मुळाशी शेकडो माणसांनी एकमेकांच्या अर्जावर केलेल्या सह्या आहेत. या भागातल्या कोणत्याही बऱ्या स्थितीतल्या घरी जाऊन चौकशी करावी. पहिल्या विहिरीच्या, पहिल्या इंजिनाच्या, पहिल्या पाइपलाइनच्या कर्जावर कुणातरी शेजाऱ्याची सही असल्याचे आढळेल.

मला स्वतःला घर बांधण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज मिळाले ते दोन सहकाऱ्यांनी जामीन राहिल्यामुळे. शिक्षकांच्या पतसंस्थांत ही साखळी आम्ही वर्षानुवर्षे चालविली: तू माझ्या अर्जावर, मी तुझ्या, आणि आपण दोघे तिसऱ्याच्या. त्यात एका सज्जन शिक्षकावर आलेला प्रसंगही मी पाहिला. ज्याला ते जामीन राहिले तो गृहस्थ नोकरी सोडून परागंदा झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १०१ अन्वये वसुलीचा दाखला निघाला, आणि दरमहा यांच्या पगारातून कपात सुरू झाली. त्यांच्या मुलीचे लग्न त्यामुळे एक वर्ष लांबले. ते शाळेत येत, फळ्यावर सुंदर अक्षरात तारीख लिहीत, आणि वर्गाला कधी काही जाणवू देत नसत. अर्ज केला त्या दिवशी त्यांना सांगण्यात आले होते, “फक्त सही करायची, बाकी काही नाही.” या एका वाक्याने महाराष्ट्रात जितकी घरे रडविली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने रडविली असतील.

कारण कायदा याविषयी संदिग्ध नाही. १८७२ चा भारतीय करार अधिनियम, म्हणजे सुप्याच्या दंगलीहूनही तीन वर्षांनी जुना कायदा, कलम १२८ मध्ये स्पष्ट सांगतो की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला नाही. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच कायद्याने जामीनदाराला काही ढालीही दिल्या आहेत. त्याच्या संमतीवाचून धनको आणि ऋणको यांनी कराराच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारापुरता तो मोकळा होतो. आणि त्याने स्वतः कर्ज फेडले तर तो धनकोच्या जागी उभा राहून ऋणकोकडून ते वसूल करू शकतो. पण या ढाली हाती घ्यायच्या तर करारपत्र वाचलेले हवे. शिवाय आता एक नवी गोष्ट झाली आहे: जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही दिसते, आणि ते थकले तर डाग दोघांच्या नावाला लागतो.

म्हणून मी बँकेत सांगितले की, कागद आम्ही घरी नेऊन वाचू. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी प्रत दिली. सही करायच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या होत्या, पानामागून पान, आणि मधला मजकूर इतक्या बारीक टायपात की खिडकीपाशी बसूनच तो लागावा. आम्ही मुलीच्या घरच्या ओसरीवर बसलो. मुलगी एकेक कलम मोठ्याने वाची, आई पदराने हात पुसत दारात उभी, आजोबा बाजेवर डोळे मिटून, पण ऐकत. दोन लाख रुपये, दसादशे दहा, चार वर्षे. मुलीने वहीच्या पाठीमागच्या पानावर गणित मांडले: हप्ता ५,०७३ रुपये, पहिल्या हप्त्यात व्याजाचे १,६६७ आणि मुद्दलाचे ३,४०६, अखेरपर्यंत व्याजापोटी जाणार सुमारे साडेत्रेचाळीस हजार. “म्हंजी एवढं पैसं निस्ती वळख करून घ्यायचं?” आजोबांनी डोळे न उघडता विचारले. ती म्हणाली, “हो आबा. पुढं पाच-सहा लाख मागायला जाईन तवा ही ओळख लागंल.” मग ती जामीनदाराच्या कलमापाशी आली, आणि वाचता वाचता थांबली. तिने ते पुन्हा मनाशी वाचले आणि मला विचारले, “गुरुजी, मी हप्ते थकवले तर हे माझ्या आधी तुम्हालासुद्धा धरू शकतात?” मी म्हणालो, “धरू शकतात.” तिचा चेहरा उतरला. आई चटकन म्हणाली, “मग नगं गुर्जी, ऱ्हाऊ द्या.”

त्या क्षणी माझा निर्णय झाला. ज्या माणसाला आपल्यापायी दुसऱ्यावर येऊ शकणाऱ्या संकटाची लाज वाटते, त्याच्यासाठी सही करण्यात धोका कमी असतो असे मी म्हणत नाही. रोग, अपघात, पिकाची नासाडी यांना लाजेची भीती नसते. पण ज्या सद्‌गुणावर बँका उभ्या आहेत तो हाच आहे, आणि कोणत्याही कंपनीच्या आकड्यात तो उमटायला काळ जावा लागतो; तोवर तो पाहण्यासाठी जवळच्या माणसाचे डोळे लागतात. मी या मुलीला दुसरीच्या वर्गात बाराखडी शिकविली आहे, तिच्या बापाला ओळखतो, तिची आई डेअरीत दुधात पाणी घालीत नाही हे मला ठाऊक आहे. माझी ही माहिती बँकेपाशी नाही. जामीन म्हणजे ही माहिती बँकेला उसनी देणे, आणि ती खोटी ठरल्यास तिचे मोल स्वतः चुकविणे. जी गोष्ट गावाला ठाऊक आहे ती गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायचीच नाही, तर ती कोण सांगणार?

मात्र सही करण्यापूर्वी मी दोन-तीन गोष्टी ठरवून घेतल्या, आणि त्या मी आग्रहाने सांगेन. दोन लाख रुपये मला स्वतःला भरावे लागले तर भरता येतील का, हे मी आधी माझ्या पत्नीसमवेत बसून पाहिले, तिला विचारल्यावाचून हो म्हटले नाही; जिच्या संसारातून पैसा जाऊ शकतो तिला न विचारता जामीन राहणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले, आणि ते मला कधी रुचले नाही. मुलीला सांगितले की, हप्त्याची तारीख तुझ्या मानधनाच्या तारखेनंतर दोन दिवसांनी ठेव, आणि दोन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात कायम पडू दे. आणि हेही सांगितले की, हप्ता भरणे जड जाते आहे असे वाटले तर ते मला बँकेच्या चिठ्ठीवरून कळता कामा नये, तुझ्या तोंडून कळले पाहिजे. तिने मान हलविली. आजोबांनी बाजेवरून उठून पाणी मागितले आणि म्हणाले, “घ्या मग. पर वाचून घेतलंसा ते बरं केलंसा.” माझ्या दृष्टीने त्यांच्या संमतीचे मोल बँकेच्या मंजुरीपेक्षा कमी नव्हते.

गाडी आता त्यांच्या अंगणात उभी असते. बारामती परिवहन कार्यालयाचा एमएच ४२ हा क्रमांक तिच्यावर आहे, आणि नोंदणीपत्रावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद आहे, ती शेवटचा हप्ता जाऊन बेबाकीचा दाखला मिळाला म्हणजे उतरेल. तोवर हे कर्ज जितके तिचे तितकेच माझे आहे. मागल्या खेपेस तिचा पतअहवाल आम्ही एकत्र पाहिला. जेथे काहीच नव्हते तेथे तिच्या नावाने एक खाते उघडलेले दिसते आणि त्याच्या पुढच्या महिन्यांच्या चौकटींत एकही दिवस उशीर नाही. माझ्या अहवालातही तेच कर्ज जामीनदार म्हणून नोंदलेले आहे.

ज्यांच्या नावापुढे आयुष्यभराच्या नियमित पगाराने, वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी थोडी पत जमली आहे अशा माझ्या वयाच्या वाचकांना माझी विनंती आहे की, गावातला एखादा कष्टाळू मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे सही मागावयास आली तर ‘जामीन राहू नये’ हे जुने वाक्य तिच्या तोंडावर फेकू नका, आणि ‘फक्त सही तर करायची’ असे म्हणून पेनही उचलू नका. कागद घरी आणा, तिच्या आईबापांदेखत तिला ते मोठ्याने वाचावयास लावा, तुमच्या घरच्यांना विचारा, जितके बुडाले तरी सोसेल तितक्याच रकमेखाली नाव लिहा. कर्जदार म्हणून पहिले नाव त्या मुलीचे आहे ना, हे पाहा. आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो. तो दर वर्षी न चुकता मागवा.